मासळी निर्दोष सुटली

“हिच्या दुधाने काय केलंय ते बघा,” असं म्हणत जमनाबाईंनी माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आणि तिचं तोंड उघडून दाखवलं. आत बाळाचा लंगोट होता. शी हिरवट, बुळबुळीत आणि तिच्यात रक्ताचे चार-पाच धागे.

मी आहारतज्ज्ञ आहे. डहाणू रोडला लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात गेली अठरा वर्षं बसते. लोकांना वाटतं, डाएटिशियन म्हणजे जाड्या बायकांना भात सोडायला लावणारी बाई. प्रत्यक्षात माझ्या टेबलावर आठवड्यातून एखादा तरी लंगोट येतोच. त्यामुळे त्या पिशवीने मी दचकले नाही. दचकले ते दुसऱ्या पिशवीने. तिच्यात दुधाच्या पावडरचा नवाकोरा डबा होता.

“सोमवारपासून हे चालू करणार. हिचं दूध बंद,” जमनाबाई म्हणाल्या.

ही म्हणजे त्यांची सून रेश्मा. बावीस-तेवीस वर्षांची. दोन महिन्यांची रिद्धी मांडीवर घेऊन ती शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि नजर फरशीवरून उचलत नव्हती. नवरा बोटीवर जाणारा, एकदा समुद्रात गेला की आठ-आठ दिवस घरी नाही. जमनाबाई स्वतः मासळी बाजारात बसणाऱ्या. तीस वर्षं गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला त्यांचा आवाज माझ्या केबिनच्या बाहेरही सगळ्यांना ऐकू जात होता. सुनेचं दूध खराब आहे, ही बातमी त्यामुळे अख्ख्या ओपीडीला कळली.

मला राग आला. मी रागीट आहे, हे हॉस्पिटलात कोणापासून लपलेलं नाही. पण डब्याचं सील अजून शाबूत होतं, म्हणून राग गिळला आणि तिघींना सरांकडे नेलं.

सर म्हणजे आमचे बालरोगतज्ज्ञ आणि माझे बॉस. बोलणं मोजकं, तपासणं सावकाश. त्यांनी रिद्धीला उलटंसुलटं करून पाहिलं. शीच्या जागी चीर नव्हती. ताप नव्हता. शीच्या रिपोर्टमध्ये इन्फेक्शन नव्हतं. वजन छान वाढत होतं आणि बाळ सरांच्या स्टेथोस्कोपकडे बघून हसत होतं.

“काऊज मिल्क प्रोटीन ॲलर्जी वाटते. आईच्या आहारातून,” सर मला म्हणाले. “डाएट तुम्ही बघा. दोन आठवडे देतो.”

“आणि नाही थांबलं तर?”

“तर अंगावरचं थांबवून स्पेशल फॉर्म्युला, ॲलर्जीच्या बाळांसाठीची वेगळी पावडर. बाळाचं रक्त किती दिवस जाऊ द्यायचं?”

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. आईचं दूध आईच्या पोटातून येत नाही. ते तिच्या रक्तातून घेतलेल्या मालावर छातीत तयार होतं. आई जे खाते ते पचताना त्याचे बारीक तुकडे होतात. पण एखादा कण अख्खाच्या अख्खा निसटतो, रक्तात जातो आणि तिथून दुधात उतरतो. जमनाबाईंना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, की जाळं कितीही बारीक असलं तरी थोडा जवळा निसटतोच ना, तसं. बहुतेक बाळांना या कणांचं काहीच होत नाही. उलट बाहेरच्या अन्नाची ती पहिली ओळख असते. पण काही थोड्या बाळांचं आतडं गाईच्या दुधातल्या प्रोटीनवर चिडतं, सुजतं आणि रक्ताचे धागे दिसतात. यात आईच्या दुधात खोट नसते. त्या दुधात बाळाला रोगांपासून वाचवणारं जे असतं ते जगातल्या कुठल्याही डब्यात मिळत नाही.

आणि जमनाबाईंच्या डब्यात काय होतं? गाईच्या दुधाचीच पावडर. आईच्या दुधातून जे कणभर जात होतं, ते सोमवारपासून चमच्या-चमच्याने गेलं असतं.

“पण हे मासळीने झालंय,” जमनाबाई ठासून म्हणाल्या. “सव्वा महिना माहेरी होती, वाणगावला. तेव्हा काही नव्हतं. इथे आली, मी हौसेने सरंगा करून घातला, आणि दुसऱ्या दिवशी रक्त. त्या दिवसापासून हिचे मासे बंद आहेत. पण आता दूधच बिघडलं तर काय करणार? बाजारात बायका मला म्हणतात, जमनाच्या मासळीने जमनाचीच नात आजारी पाडली.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. सरंगा म्हणजे पापलेट. नातीच्या आईसाठी त्यांनी टोपलीतला सगळ्यात चांगला काढून ठेवला असणार.

मासे खायला हरकत नाही, असं मी सांगितलं. “ते मी बघेन,” त्या म्हणाल्या. म्हणजे नाही. मग मी चार्ट लिहिला. वर ठळक अक्षरांत, दोनदा अधोरेखित करून: गाईचे दूध व दुग्धजन्य पदार्थ पूर्ण बंद. डबा दोन आठवडे उघडायचा नाही, असं जमनाबाईंकडून कबूल करून घेतलं.

“दोन आठवडे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या शब्दावर, बाय.”

दहाव्या दिवशी दुसरा लंगोट आला. रक्त कमी नव्हतं, जास्त होतं.

“चार्टप्रमाणेच चाललंय ना?” मी रेश्माला विचारलं.

“हो मॅडम.”

“गाईचं दूध घेतलं?”

“थेंब नाही. देवाशपथ.” आणि ती रडायला लागली.  जमनाबाईंनी पिशवीला गाठ मारली आणि ती माझ्याकडे सरकवली.

सरांनी रिद्धीचं वजन घेतलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि मला बाजूला बोलावलं. “दूध बंद करून दहा दिवस झाले. एव्हाना फरक दिसायला हवा होता. तुमचे चार दिवस उरलेत.”

“मी उद्या त्यांच्या घरी जाऊन येते.”

“घरी जाऊन काय करणार?”

“स्वयंपाकघर बघणार.”

सरांनी खांदे उडवले. म्हणजे परवानगी.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या वस्तीत पोचले. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. जमनाबाई बाजारातून यायच्या होत्या. रेश्मा रिद्धीला पाजून उठली होती. मी थेट स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर माझा चार्ट चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवला होता. आणि त्याच्या बरोबर खाली, गॅसवर, पातेलंभर दूध तापत होतं.

“रेश्मा, हे काय?”

“दूध.”

“दूध बंद सांगितलं होतं ना?”

“गाईचं बंद सांगितलं होतं, मॅडम.” तिने चार्टवर बोट ठेवलं. “हे म्हशीचं आहे. आमच्या वाणगावच्या म्हशीचं. भाऊ एक दिवसाआड किटली देऊन जातो.”

मी खाली पाटावर बसले. चूक माझीच होती. ‘काऊज मिल्क ॲलर्जी’ हे आमच्या धंद्यातलं नाव. पुस्तकात तसंच लिहितात, आम्ही तसंच बोलतो, आणि मी त्याचा सरळ मराठी तर्जुमा करून भिंतीवर लावायला दिला होता. म्हशीच्या दुधातलं प्रोटीन गाईच्या प्रोटीनचं सख्खं भावंड. बाळाच्या आतड्याला दोघांतला फरक कळत नाही. रेश्माने माझं अक्षर न अक्षर पाळलं होतं.

“आणि दुग्धजन्य म्हणजे काय वाटलं तुला?”

“माहीत नाही,” ती संकोचून म्हणाली. “पण आमच्या घरात तसलं काही नसतंच.”

फळीवर दह्याचं भांडं होतं. शेजारी तुपाची बरणी.

बाराच्या सुमाराला जमनाबाई आल्या. मी झालेला घोटाळा सांगितला आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली. “म्हणजे मासे बंद, आता म्हशीचंही बंद. मग पोरीने खायचं काय? वारा?”

प्रश्न रास्त होता. पाजणाऱ्या बाईला भरपूर खायला लागतं. नुसत्या डाळ-भातावर रेश्मा आधीच अर्धी झाली होती. तिला मासे हवेच होते. पण सरंग्यानंतर दुसऱ्या दिवशी रक्त, ही गोष्ट जमनाबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे माझी डिग्री काय कामाची?

“आधी जेव,” त्या म्हणाल्या. भांडण असलं तरी त्या घरात आलेलं माणूस उपाशी परत जात नाही. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, भात आणि आंबट कालवण माझ्या ताटात आलं. मी मूळची घाटावरची. अठरा वर्षं समुद्राकाठी काढली तरी शेवटचा भात मला दह्याबरोबर लागतो. मी सहज म्हटलं, “थोडं दही मिळेल?”

जमनाबाईंचा वाढता हात थांबला. “माशांवर दही?”

“हो. का?”

“अंगावर पांढरे डाग उठतील. शिकलेली ना तू?” त्यांनी दह्याचं भांडं फळीवर आणखी आत ढकललं. “लोकांकडे चहातल्या दुधाला सूट देतात. मी तीही देत नाही. माझ्या घरात मासळी खाणाऱ्याला दूध नाही म्हणजे नाही. चहा कोरा. हिचे मासे बंद झाले म्हणून तर ती किटली आत घेतली. निदान दूध तरी पिऊ दे म्हटलं.”

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड उठतं, हा समज सगळीकडे आहे. तो खरा नाही. हे मी गावोगाव जाऊन सांगितलेलं आहे. पण त्या क्षणी मी तो समज खोडून काढला नाही. मला दिसलं ते असं, की या घरात एका माणसाच्या पोटात मासे आणि दूध एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मासे आत आले की दूध बाहेर. मासे बाहेर काढले की दूध आत. म्हणजे रक्त दिसलं तेव्हा या लोकांनी बिचाऱ्या मासळीला हाकललं आणि खऱ्या चोराला पाटावर बसवून दोन वेळा वाढलं.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. सरंगा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त आलं, ती.

“जमनाबाई, त्याआधी रक्त नव्हतंच, हे नक्की?”

“नव्हतं. असतं तर हिने सांगितलं नसतं?”

रेश्मा दारात उभी होती. तिने रिद्धीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. “होतं, आई,” ती म्हणाली.

“कधी?” मी विचारलं.

“वाणगावलाच दिसलं होतं. इकडे यायच्या चार दिवस आधी. थोडंसंच. मी लंगोट धुऊन टाकला. कोणाला बोलले नाही, माझ्या आईलासुद्धा नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे. लोक म्हणतील, हिला मूल पण नीट पाजता येत नाही.”

महिनाभर ही पोर एकटी ते मनात ठेवून बसली होती. रोज रात्रंदिवस पाजत होती आणि प्रत्येक वेळी आपण बाळाला विष देतोय असं समजत होती.  मी ताट बाजूला सरकवलं.

जमनाबाई आता फुटणार, असं मला वाटलं. त्या फुटल्या नाहीत. त्यांनी बाजारात भाव ठरवताना विचारावं तसं, एकेक विचारलं.

“तेव्हा तू मासे खाल्लेले?”

“नाही. सव्वा महिना माहेरी मासा नव्हता.”

“आणि दूध?”

“रोज. तिन्ही वेळा.”

जमनाबाईंनी पदराला हात पुसले. “म्हणजे माझ्या सरंग्याचा दोष नाही.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं.

“महिना झाला, मी बाजारात मान खाली घालून बसते.” मग त्या रेश्माकडे वळल्या. “सांगायचं ना, पोरी. मी काय तुला खाल्लं असतं?”

 रेश्माला बहुधा तसंच वाटलं असावं. पण जमनाबाई उठल्या, आपल्या हाताने ताट वाढलं, दोन बोंबील जास्त घातले आणि सुनेसमोर ठेवलं. मग रिद्धीला स्वतःकडे घेतलं. “जेव,” त्या म्हणाल्या. महिन्याभराने मासा खाताना त्या मुलीचा चेहरा मी बघितला आहे.

मी जुना चार्ट भिंतीवरून काढला आणि नवा लिहिला. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठल्याही जनावराचं दूध नाही. दही, ताक, लोणी, तूप, पनीर, पेढा, खीर, दुधाचा चहा, बिस्किट नाही. एकेक नाव लिहिलं. आणि खाली: सकाळी मांदेली, दुपारी कालवण, रात्री सुक्या बोंबलाची चटणी. शिवाय कॅल्शियमची गोळी. संध्याकाळच्या आत किटली वाणगावला परत गेली.

सरांना फोनवर सगळं सांगितलं.

“घरात पहारा कोण ठेवणार?” सरांनी विचारलं.

“सासू. तीन वेळा मासे आहेत, सर. त्या बाईच्या घरात आता दुधाची माशीसुद्धा शिरणार नाही.”

सर हसले. ते क्वचित हसतात. “मागच्या वर्षी महिला मेळाव्यात मासे-दूध ही अंधश्रद्धा आहे म्हणून अर्धा तास भाषण तुम्हीच दिलंत ना?”

“चाळीस मिनिटं,” मी म्हटलं. “आता आठवडाभर वाढवून द्या.”

चौथ्या दिवशी धागे कमी झाले. सातव्या दिवशी जमनाबाई हॉस्पिटलात आल्या आणि रांग मोडून, कोणाचं न ऐकता, थेट माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. लंगोटावर पिवळीधमक शी होती. रक्ताचं नाव नाही. मी अठरा वर्षांत पुष्कळ फुलं, पेढे आणि नारळ घेतले आहेत. त्या लंगोटाइतका आनंद मला कशाने झालेला नाही. आम्ही दोघी तो उजेडात धरून बघत होतो आणि रिसेप्शनची मुलगी नाकाला रुमाल लावून दारात उभी होती. दुधाच्या पावडरचा डबा जमनाबाईंनी त्याच दिवशी दुकानदाराला परत केला.

पण सर म्हणजे सर. “योगायोग असू शकतो,” ते म्हणाले. “पुरावा हवा.”

आमच्याकडे पुरावा असा असतो: तीन-चार आठवडे सगळं ठीक राहिलं, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईने पुन्हा दूध घेऊन बघायचं. रक्त परत आलं तर निदान पक्कं. नाही आलं तर त्या बाईला उगाच वर्षभर पथ्यात ठेवायचं कारण नाही.

“म्हणजे बऱ्या झालेल्या पोरीला मुद्दाम त्रास द्यायचा?” जमनाबाईंनी विचारलं. मी समजावलं, की धोका नाही, बाळ धट्टंकट्टं आहे, सर रोज बघतील. त्या विचार करून म्हणाल्या, “ठीक. पण मग तेवढे दिवस मासे बंद ठेवावे लागतील.”

आता माझी पंचाईत झाली. तपासणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. मासेही बंद केले तर पुन्हा तोच गोंधळ. शेवटी मी खरं काय ते सांगून टाकलं. माशांवर दूध प्यायल्याने डाग उठत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले, कारण तुमचा नियम माझ्या कामाचा होता.

 “मग पिऊन दाखव,” जमनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून तळलेली मांदेली आणली. मी कँटीनमधून ग्लासभर दूध मागवलं. सगळ्या स्टाफच्या देखत मांदेली खाल्ली आणि वर दूध प्याले. चव भयंकर होती, हे शास्त्राला धरून नसलं तरी खरं आहे. आठ दिवसांनी जमनाबाईंनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तपासले. डाग नव्हता.

“तू घाटावरची,” त्या म्हणाल्या. “तुझी कातडी वेगळी.”

मी हात टेकले. तेवढ्यात रेश्मा म्हणाली, “मी पिते, आई. मला कळायला पाहिजे.” पहिल्या भेटीत फरशीकडे बघत बसलेली मुलगी ती हीच.

तिने मासे चालू ठेवून दूध घेतलं. पहिला दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला आणि मागे मासळी बाजाराचा गलका ऐकू आला. “बाय, आलं, रक्त आलं,” जमनाबाई सांगत होत्या, आणि आवाजात असा आनंद होता की ऐकणाऱ्याला वेड्या वाटल्या असत्या. मग त्या फोन हातात धरूनच शेजारच्या बायकांना म्हणाल्या, “ऐका गं, दुधाने होत होतं. माझी मासळी निर्दोष सुटली.”

दूध त्याच दिवशी बंद केलं. रक्त पाच दिवसांत थांबलं ते थांबलं. रेश्माने पुढेही रिद्धीला पाजलं, मासे खाऊन, कोरा चहा पिऊन. अशा बहुतेक मुलांची तक्रार वर्षाच्या आसपास आपोआप जाते. रिद्धीचीही गेली. वर्षाची झाल्यावर सरांनी थोडं थोडं दूध देऊन बघितलं आणि तिला काही झालं नाही.

मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने पथ्य करू नये. शीमध्ये रक्त दिसायची कारणं बरीच असतात, ती डॉक्टरांनीच बघायची. आणि कारण नसताना पाजणाऱ्या बाईचं खाणं तोडलं, तर बाळाचा फायदा शून्य आणि बाईचे हाल मात्र होतात.

परवा तलासरीहून एक तरुण बाई आली. मांडीवर दीड महिन्याचं बाळ, सोबत सासू आणि आत्या. दोघींचं एकच म्हणणं, हिचं दूध बाधतं. रेश्मा रिद्धीच्या लसीसाठी आली होती. तिने रिद्धीला खाली सोडलं आणि त्या मुलीशेजारी जाऊन बसली.

“रक्त कधी दिसलं पहिल्यांदा?” तिने हळूच विचारलं.

मुलीने आधी सासूकडे बघितलं.

“खरं सांग मॅडमना,” रेश्मा म्हणाली. “तुझी काही चूक नसते.”

त्या मुलीने खरं सांगितलं. जे शोधायला मला रेश्माच्या वेळी अकरा दिवस लागले होते, ते पाच मिनिटांत कळलं. मी चार्टचा कागद पुढे ओढला आणि हल्ली जो पहिला प्रश्न विचारते तो विचारला. काय बंद करायचं ते मी नंतर सांगते, आधी तुम्ही घरी काय काय बंद केलंय आणि त्याच्या जागी काय चालू केलंय ते सांगा.